मनगटावरचा गल्ला

१९५० साली जेरार ब्लित्झ या बेल्जियन गृहस्थाने भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून सुट्टीचं एक गाव वसवलं. पुढे जगभर पसरलेल्या ‘क्लब मेड’ची ती सुरुवात. राहणं, जेवण, खेळ यांचे पैसे तिथे आधीच भरलेले असत. वेगळे पैसे पडत ते फक्त बारमधल्या पेयांचे. पण पाहुणे दिवसभर पोहण्याच्या कपड्यांत, आणि त्या कपड्यांना खिसा नाही. यावर क्लबने तोडगा काढला तो प्लास्टिकच्या रंगीत मण्यांचा. मणी विकत घ्यायचे, एकात एक अडकवून गळ्यात किंवा मनगटात घालायचे आणि पेय घेतलं की त्यातले काही काढून द्यायचे.

अंगावर वागवायच्या पैशाची गोष्ट बहुतेक वेळा चिपपासून सांगितली जाते. मला ती या मण्यांपासून सांगावीशी वाटते, कारण आजच्या थीम पार्कमधल्या कॅशलेस कारभाराचं सगळं बरंवाईट त्या माळेत आधीच ओवलेलं आहे. भिजलेल्या, खिसा नसलेल्या माणसाची अडचण खरी होती आणि मण्यांनी ती सोडवलीही. पण फ्रँकचे मणी झाले की कुठल्या पेयाला किती पैसे गेले याचा हिशेब मनात राहत नाही. आणि सुट्टी संपताना गळ्यात जे मणी उरतात, त्यांना गावाच्या कुंपणाबाहेर कोणी विचारत नाही.

डिस्नेने हीच वाट कागदावरून चालून पाहिली. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ला उघडलं आणि त्याच वर्षी तिकिटांची पुस्तकं विक्रीला आली. खेळांची ए, बी, सी अशी प्रतवारी होती. पुढे तीत भर पडत गेली आणि १९५९मध्ये सर्वांत थरारक खेळांसाठी ‘ई’ तिकीट निघालं. पुस्तकातली ई तिकिटं आधी संपत, ए आणि बी मात्र उरत आणि घरोघरच्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहत. ही पुस्तकं १९८२मध्ये बंद झाली. १९८७मध्ये कंपनीने स्वतःच्या नोटाच छापल्या. त्यांचं नाव ‘डिस्ने डॉलर’, एकाच्या नोटेवर मिकी, पाचाच्या नोटेवर गूफी, किंमत खऱ्या डॉलरइतकीच. कित्येकांनी त्या नोटा न मोडता आठवण म्हणून घरी नेल्या. अशा प्रत्येक नोटेमागे कंपनीकडे तेवढेच खरे डॉलर जमा झाले होते आणि त्यांच्या बदल्यात तिला काहीही द्यावं लागलं नव्हतं. या नोटांची विक्री थांबली २०१६मध्ये. तोवर डिस्नेचा पैसा कागदावरून मनगटावर चढलेला होता.

*

फ्लोरिडात ऑरलँडोजवळ पसरलेलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड क्षेत्रफळाने जवळजवळ सॅन फ्रान्सिस्को शहराएवढं आहे. चार मोठी उद्यानं, दोन जलउद्यानं, डझनावारी हॉटेलं. तिथे आलेलं कुटुंब दिवसभर काही ना काही सांभाळत असे: प्रवेशाची तिकिटं, खोलीची किल्ली, कार्डं, रांग टाळायच्या चिठ्ठ्या, नकाशा. या सगळ्याऐवजी मनगटावर एकच रबरी पट्टा असावा, अशी कल्पना कंपनीच्या वरिष्ठांनी मांडली आणि तिच्यावर सुमारे १ अब्ज डॉलर खर्च केले. २०१३मध्ये ‘मॅजिकबँड’ पाहुण्यांच्या हातात आला.

पट्टा दिसायला साधा. मोठ्यांच्या मापाचा, पण कडेची राखाडी पट्टी सोलून काढली की लहान मुलाच्या मनगटालाही बसणारा. आत दोन वेगळ्या यंत्रणा होत्या. एक जवळून वाचली जाणारी आरएफआयडी चिप. तिला स्वतःची बॅटरी नसते. वाचणाऱ्या यंत्राजवळ नेली की त्या यंत्राच्याच विद्युतचुंबकीय क्षेत्रातून तिला क्षणभर ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. दुसरी यंत्रणा म्हणजे छोटासा रेडिओ प्रक्षेपक. त्याला बॅटरी होती आणि तो काही मीटर अंतरावरूनही ओळखता येई. पैसे द्यायचे असले की पट्टा मिकीच्या आकाराच्या खुणेला टेकवायचा, भोवतीचं कडं हिरवं उजळलं की चार आकडी पिन दाबायचा, आणि रक्कम हॉटेलच्या बिलात जाऊन बसायची. पट्ट्यात पैसे नव्हते, फक्त ओळख होती. पैसे होते ते दूरच्या संगणकात, पाहुण्याने आधी नोंदवलेल्या क्रेडिट कार्डाच्या भरवशावर.

लोकांच्या लक्षात राहतो तो हिरवा दिवा. मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्याच्या मागची खोदाई. सगळ्या परिसरात वाय-फाय पोहोचवावं लागलं. हॉटेलच्या सुमारे २८,००० दारांची कुलुपं बदलावी लागली. प्रवेशद्वारावरचे फिरते दांडे काढून टाकले गेले. हजारो कर्मचाऱ्यांना नव्याने शिकवावं लागलं. ‘बी अवर गेस्ट’ नावाच्या उपाहारगृहात आधी मागणी नोंदवलेलं कुटुंब कुठल्याही टेबलावर बसो, त्यांच्या पट्ट्यावरून टेबल कळे आणि जेवण तिथे येऊन पोहोचे. कोणी विचारत नाही, कोणी हाक मारत नाही. मनगटी पट्ट्याचं स्वप्न विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने ही खर्चाची यादी एकदा तरी समोर ठेवावी. पट्टा स्वस्त असतो. महाग असतं ते त्याला ओळखणारं गाव उभं करणं.

त्या गावाला काय काय कळतं, हा प्रश्न पहिल्याच महिन्यांत उभा राहिला. जानेवारी २०१३मध्ये मॅसॅच्युसेट्सचे काँग्रेस सदस्य एड मार्की यांनी डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांना पत्र लिहून विचारलं, की लहान मुलांच्या हालचालींची आणि आवडीनिवडींची माहिती तुम्ही गोळा करणार का, आणि तिचं पुढे काय करणार. आयगर यांनी अत्यंत तिखट शब्दांत उत्तर दिलं. पट्टा घेणं ऐच्छिक आहे आणि कोणती माहिती कळू द्यायची हे पाहुण्याच्या हातात आहे, अशी कंपनीची बाजू होती. वाद तिथे शमला, प्रश्न नाही.

या १ अब्ज डॉलरच्या पट्ट्याचं पुढे काय झालं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. हॉटेलच्या पाहुण्यांना तो फुकट मिळे, ते १ जानेवारी २०२१पासून बंद झालं. त्याच वर्षी ‘मॅजिकमोबाइल’ आला आणि पट्ट्याची बरीचशी कामं पाहुण्याच्या स्वतःच्या फोनवर गेली. २०२२मध्ये ‘मॅजिकबँड प्लस’ आला, साधारण ३५ डॉलरचा. तो थरथरतो, रंग बदलतो, आतषबाजीच्या तालावर उजळतो, उद्यानातल्या पुतळ्यांजवळ गेलं की प्रतिसाद देतो. पैसे अजूनही देतो, पण लोक तो त्यासाठी घेत नाहीत. किल्ली आणि पाकीट होण्यासाठी जन्मलेली वस्तू दहा वर्षांच्या आत खेळणं झाली. मनगटी पैशाच्या भविष्याबद्दल कुणी विचारलं तर मी आधी हे उदाहरण सांगेन. जिथे फोन हातात धरता येतो, तिथे पट्ट्याला पैशाच्या कामात जागा मिळणं कठीण आहे.

*

मग उद्यानांना पट्टा इतका हवासा का वाटतो? रांग लवकर सरकते, हे एक. गल्ल्यावरची नोटांची मोजणी, सुट्ट्या पैशांची ओढाताण आणि रात्री हिशेब न जुळल्यावर खिडकीवरच्या पोऱ्यावर येणारा संशय, या कटकटी जातात. हे फायदे खरे आहेत आणि शेवटच्या फायद्याचं मोल मला फार वाटतं, कारण गल्ल्यातला फरक बहुधा सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या माथी मारला जातो.

पण आणखी एक कारण आहे. नोट हातातून सुटताना जिवावर येतं. अर्थतज्ज्ञांनी या भावनेचा अभ्यास केला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यात नेहमी सांगितला जातो. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसमोर बॉस्टन सेल्टिक्सच्या बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव मांडला. निम्म्यांना सांगितलं, पैसे रोख द्यावे लागतील, आणि निम्म्यांना सांगितलं, क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या साधारण दुप्पट निघाली. तिकीट तेच, खेळ तोच, विद्यार्थीही एकाच वर्गातले.

थीम पार्कमध्ये ही गोष्ट आणखी तीव्र होते. प्रवेशाचे पैसे देऊन झालेले असतात, बाहेरचा डबा बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, मुलं दमलेली आणि हट्टाला पेटलेली असतात, आणि पर्यायी दुकान चार किलोमीटरवरच्या हमरस्त्यावर असतं. अशा जागी पैसे देण्याचा क्षण पुसून टाकणं म्हणजे माणसाला सावरणारी शेवटची गोष्ट काढून घेणं. पट्टा वापरायचाच असेल तर प्रत्येक टेकवणीनंतर आज एकूण किती खर्च झाला हा आकडा ठळक दिसला पाहिजे, असं मला वाटतं. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

पट्टा जिथे खरोखर शोभतो ती जागा म्हणजे पाणी. ऑरलँडोतच युनिव्हर्सलने मे २०१७मध्ये ‘व्होल्केनो बे’ हे जलउद्यान उघडलं आणि प्रत्येक पाहुण्याच्या मनगटावर ‘टापुटापु’ नावाचा जलरोधक पट्टा बांधला. घसरगुंडीपाशी पट्टा टेकवला की तुमची जागा रांगेत धरली जाते, तुम्ही तोवर पोहत राहायचं, पाळी आली की पट्टा थरथरून सांगतो. लॉकर त्यानेच उघडतं. ॲपवर कार्ड जोडलं आणि पिन ठेवला की खाण्याचे पैसेही त्यानेच जातात. संध्याकाळी निघताना पट्टा परत करायचा. मला यातला परत करण्याचा भाग आवडतो. पट्टा तिथला, ओळख तुमची, आणि दार ओलांडलं की दोघं वेगळे. ब्लित्झच्या मण्यांनी ज्या गरजेतून जन्म घेतला होता, तीच गरज इथे जास्त प्रामाणिकपणे भागते.

*

आपल्याकडे चित्र पार वेगळं आहे, आणि याचं कारण मुंबईत आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६मध्ये यूपीआय सुरू केलं. नोव्हेंबरात नोटाबंदी आली. पुढच्या काही वर्षांत चहाच्या टपरीपासून जत्रेतल्या आकाशपाळण्यापर्यंत सगळीकडे चौकोनी क्यूआरचा फलक टांगला गेला. ऑगस्ट २०२५मध्ये यूपीआयच्या महिन्याच्या व्यवहारांनी पहिल्यांदा २,००० कोटींचा टप्पा ओलांडला. अमेरिकेत कार्ड, मग पट्टा, मग फोन असा क्रम झाला. आपण थेट फोनवर उतरलो. पट्टा येण्याआधीच त्याची जागा भरलेली होती.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. सप्टेंबर २०२०मध्ये टायटनने स्टेट बँकेबरोबर घड्याळातून पैसे देण्याची सोय आणली. घड्याळाच्या पट्ट्यात चिप आणि खातं स्टेट बँकेचं. २०२१मध्ये ॲक्सिस बँकेने मनगटी पट्टे आणि किल्लीच्या साखळ्या काढल्या. त्याच वर्षी रुपेचं ‘ऑन द गो’ आलं, म्हणजे अंगावरच्या रोजच्या वस्तूत बसवलेलं रुपे कार्ड. पिन न दाबता टेकवून द्यायच्या रकमेची मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१पासून २,००० वरून ५,००० रुपयांवर नेली होती. त्यामुळे वाटही मोकळी होती. पुढे बोटातल्या अंगठ्या आल्या. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईच्या ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये चष्म्यातून क्यूआर पाहून छोटी रक्कम देण्याची सोय जाहीर झाली. तरीही आजूबाजूला पाहिलं तर हात फोनकडेच जातो.

जलउद्यानात मात्र फोन घेऊन घसरगुंडीवरून येता येत नाही. लोक तो पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात लटकवतात किंवा लॉकरमध्ये ठेवतात, आणि वडापाव घ्यायचा झाला की ओल्या अंगाने पुन्हा लॉकरपाशी जातात. शिवाय यूपीआयला आंतरजाल लागतं. आपली बरीच मोठी उद्यानं शहराबाहेर, डोंगराच्या कुशीत आहेत. खालापूरचं इमॅजिका २०१३मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत उभं राहिलं, लोणावळ्याची जलउद्यानं त्याच पट्ट्यात. सुट्टीच्या दिवशी हजारो फोन एका मनोऱ्यावर तुटून पडले की काय होतं, हे कुठल्याही यात्रेत अनुभवता येतं. आणि कधी कधी दोष मनोऱ्याचाही नसतो. १२ एप्रिल २०२५ला, भर उन्हाळ्यातल्या शनिवारी, यूपीआय देशभर काही तास अडखळलं. अशा वेळी आवारातल्याच सर्व्हरवर चालणारा पट्टा चालू राहतो. छोट्या रकमांसाठी यूपीआय लाइट आणि ऑफलाइन व्यवहारांची चौकट रिझर्व्ह बँकेने घालून दिली आहे, पण ओल्या मनगटापर्यंत ती अजून पोहोचलेली नाही.

म्हणजे भारतातल्या पट्ट्याला खरी जागा आहे, आणि ती पाण्यात आहे. प्रश्न आहे तो पट्ट्यामागे पैसे कुणाकडे असावेत हा.

*

इथे रिझर्व्ह बँकेच्या नियमांतली एक बारीक रेघ समजून घ्यावी लागते. आधी पैसे भरून मग वापरायच्या वॉलेटला बँकेच्या परवानगीची गरज असते. पण एखादी कंपनी फक्त स्वतःच्याच वस्तू आणि सेवा घेण्यासाठी असं साधन देत असेल, त्यातून रोख काढता येत नसेल आणि ते दुसरीकडे चालत नसेल, तर ती ‘क्लोज्ड सिस्टीम’ ठरते. तिला परवानगी लागत नाही. उद्यानाच्या खिडकीवर ५०० रुपये भरून मिळणारा पट्टा सहसा याच खणात बसतो.

परवानगीच्या वॉलेटला पुष्कळ बंधनं आहेत. ते किमान वर्षभर वैध असलं पाहिजे, मुदत संपण्याआधी ग्राहकाला कळवलं पाहिजे, आणि न वापरलेली शिल्लक कंपनीला मुदतीनंतर किमान तीन वर्षं आपल्या नफ्यात ओढता येत नाही. क्लोज्ड पट्ट्याला यातलं काहीच लागू नाही. उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा, आणि १४० रुपयांच्या शिल्लकीसाठी ग्राहक आयोगाची पायरी कोण चढतो? संगीत महोत्सवांतल्या अशा पट्ट्यांच्या अटी वाचल्या तर दिसतं, की परताव्याची मुदत थोड्या दिवसांची असते, अर्ज ऑनलाइन करावा लागतो आणि वर प्रक्रिया शुल्क कापलं जातं. एकेकाचे शे-दीडशे रुपये. दिवसाला दहा हजार माणसं आली तर त्या शिल्लकीचा ढीग केवढा होईल, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या मनात करून पाहावा.

अमेरिकेत बंद पट्ट्याच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद असतो. तिथे कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर दुकानदाराला शुल्क द्यावं लागतं, आणि पैसे एकदाच भरून घेतले की ते शुल्क एकदाच पडतं. आपल्याकडे हा युक्तिवाद टिकत नाही. जानेवारी २०२०पासून यूपीआयच्या नेहमीच्या व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेतलं जात नाही. ग्राहकाने प्रत्येक वडापावाचे पैसे वेगवेगळे दिले तरी उद्यानाचा एक रुपयाही जास्त खर्च होत नाही. मग आगाऊ पैसे भरून घेण्यात उद्यानाचा फायदा कोणता? आगाऊ हाती आलेली रक्कम, विसरलेली शिल्लक, आणि कोणी केव्हा काय खाल्लं याची नोंद. व्यवसाय म्हणून त्यांना हे हवं असणं मी समजू शकतो. पण ‘तुमच्या सोयीसाठी’ असं लिहिलेल्या फलकाखाली हे चालू नये.

उद्यानं मोठ्या समूहांकडे जाऊ लागली आहेत, त्यामुळे हा प्रश्न वाढणार आहे. संगमनेरच्या मालपाणी समूहाने २०२२मध्ये इमॅजिका घेतलं. शिर्डी आणि लोणावळ्यातली उद्यानं आधीच त्यांच्याकडे होती. एका समूहाच्या सगळ्या उद्यानांत चालणारा एकच पट्टा निघणं ही कुठल्याही व्यावसायिकाला सुचेल अशी पुढची पायरी. वेगळ्या कंपनीच्या दुकानात तेच पैसे चालवायचे झाले तर मात्र रिझर्व्ह बँकेचं दार ठोठावावं लागतं, आणि मला वाटतं ते ठोठावलं जावं. परवानगी आली की ग्राहकाचे हक्कही तिच्याबरोबर येतात.

*

या विषयाकडे मी ज्या कारणाने ओढला गेलो ते कारण वेगळंच आहे, आणि ते म्हणजे शाळेची सहल.

आपल्या उद्यानांचं आठवड्याच्या मधल्या दिवसांचं गणित डिसेंबर-जानेवारीत सहलींवर चालतं. एसटीच्या लाल गाड्या पहाटे तालुक्याच्या गावातून निघतात. सहलीची फी आधी भरलेली असते, आणि निघताना आई मुलाच्या हातात नाहीतर मुलीच्या पर्समध्ये पन्नासाची, शंभराची नोट देते. जपून खर्च कर, असं बजावते. सातवीतल्या त्या मुलाकडे फोन नाही, खातं असलं तरी कार्ड नाही. रोकड न घेणाऱ्या उद्यानात ती नोट म्हणजे नुसता कागद. मग तो सरांकडे जातो. सर चाळीस मुलांचे पैसे आपल्या फोनवरून देतात, वहीत मांडतात, आणि परतीच्या गाडीत सुट्ट्यांचा हिशेब करत बसतात.

या पन्नास रुपयांना मी फार मोठी गोष्ट मानतो. घरापासून दूर, आईबाप जवळ नसताना, आइस्क्रीम घ्यावं की धाकट्या बहिणीसाठी की-चेन न्यावी, हे मूल बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्याने ठरवतं. नोट मोडताना ते थांबतं, पुन्हा खिशात ठेवतं, पुन्हा काढतं. पैसा म्हणजे काय हे त्याला त्या खिडकीपाशी कळतं. ते सरांच्या स्कॅनमधून कळणार नाही.

अमेरिकन उद्यानांनी रोख बंद केली तेव्हा त्यांच्यापुढेही हीच माणसं उभी राहिली. सीडर फेअर समूहाच्या उद्यानांनी २०२१-२२च्या सुमारास रोकड घेणं थांबवलं, पण आवारात उलटी एटीएम बसवली. नोटा आत घालायच्या आणि तेवढ्या रकमेचं कार्ड बाहेर काढायचं. तिथे बँक खातं नसलेली कुटुंबं थोडी नाहीत. २०२३च्या सरकारी पाहणीत ती सुमारे ५६ लाख होती, म्हणजे शंभरातली चार. खाजगी दुकानाने रोख घेतलीच पाहिजे असा कायदा अमेरिकेत संघराज्य पातळीवर नाही. म्हणून राज्यांनी आणि शहरांनी आपापले कायदे केले. मॅसॅच्युसेट्सचा १९७८चा, फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीचा २०१९चा, न्यूयॉर्क शहराचा २०२०चा. गरिबाचा पैसाही पैसा आहे, एवढंच ते कायदे म्हणतात.

आपल्याकडे याहून चांगली व्यवस्था उभी राहू शकते, कारण साधनं तयार आहेत. ऑगस्ट २०२४मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमध्ये एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्या माणसाला ठरावीक मर्यादेत पैसे देता येतात. एप्रिल २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना दिली. या दोन्हींच्या पुढचं पाऊल म्हणून सहलीचा पट्टा कसा असावा, हे मला स्पष्ट दिसतं. खिडकीवर मुलाने नोट दिली की तेवढी रक्कम पट्ट्यावर चढावी, किंवा गावात बसलेल्या वडिलांनी फोनवरून चढवावी. प्रत्येक खरेदीनंतर उरलेला आकडा मुलाला दिसावा. बाहेर पडताना पट्टा दिला की शिल्लक तिथल्या तिथे रोख हातात यावी, किंवा वडिलांच्या खात्यात त्याच रात्री जमा व्हावी. अर्ज नको, शुल्क नको. आणि ज्याला पट्टा नको असेल त्याच्यासाठी आवारात एका दुकानावर तरी नोट चालावी. परताव्याला वेळ लागतो असं सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की पैसे घेताना यूपीआयला दोन-चार सेकंद पुरतात.

*

पट्ट्याच्याही पुढची पायरी म्हणजे चेहरा. २०२१मध्ये उघडलेल्या युनिव्हर्सल बीजिंगने प्रवेशासाठी चेहऱ्याची ओळख वापरली. अबुधाबीच्या यास बेटावरच्या उद्यानांनी ‘फेसपास’ आणला, त्यात चेहरा दाखवून आत जाता येतं आणि पैसेही देता येतात. दुबई-अबुधाबीला सुट्टीत जाणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नवं राहिलेलं नाही. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५पासून यूपीआयमध्ये पिनऐवजी बोट किंवा चेहरा चालू लागला आहे, पण तिथे चेहरा तपासला जातो तो तुमच्याच फोनवर. उद्यानाच्या कॅमेऱ्याने ओळखणं ही निराळी गोष्ट आहे. पट्टा दारात काढून देता येतो. चेहरा तिथल्या संगणकात राहिला की तो बदलून घेण्याची सोय नाही. माझं मत मी लपवत नाही: पाळण्यात बसायला आलेल्या मुलाचा चेहरा पैसे देण्याच्या कामी वापरू नये. त्यातून वाचणारे चार सेकंद कुणालाही नको आहेत.

या बाबतीत आपला कायदा, निदान कागदावर, अमेरिकेच्या पुढे आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यांना हे कलम मनाई करतं. मूल सुरक्षित राहावं म्हणून ते आत्ता कुठे आहे हे पाहण्यापुरती सवलत नियमांत आहे. गर्दीत चुकलेलं मूल पट्ट्यावरून सापडणं हा या तंत्राचा सर्वांत सुंदर उपयोग, तो यामुळे अडणार नाही. पण त्याच पट्ट्यावरून त्या मुलाने कुठल्या दुकानापुढे किती वेळ घोटाळत काढला याची नोंद ठेवून संध्याकाळी त्याच्या आईच्या फोनवर त्याच खेळण्याची जाहिरात पाठवणं त्या सवलतीत बसत नाही. मार्की यांनी २०१३मध्ये पत्रातून जे विचारलं, ते आपल्याकडे कलम म्हणून लिहिलेलं आहे.

सहलीच्या वेळी ही संमती कोणाची? शाळेने घेतलेल्या एका सामायिक अर्जावरची सही पुरेल का? मुख्याध्यापक पालकांच्या वतीने हो म्हणू शकतात का? उद्यानांनी, शाळांनी आणि शिक्षण खात्याने हे एकत्र बसून ठरवायला हवं आणि सहलीच्या परवानगीपत्रात पट्ट्याची एक वेगळी ओळ घालायला हवी. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतात. म्हणजे मे २०२७, जलउद्यानांच्या सर्वांत गर्दीच्या महिन्यात. तोवर प्रत्येक उद्यानाने तिकीट खिडकीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत एवढं तरी लावावं: पट्ट्यातले पैसे कुणाकडे असतात, उरले तर केव्हा आणि कसे परत मिळतात, मुलाची कोणती नोंद ठेवली जाते आणि किती दिवसांनी पुसली जाते, आणि नोट कुठल्या दुकानावर चालते.